वसंताचा लाल पट्टा

अमेरिकेतला, ॲन आर्बरचा माझा रूममेट वसंता आठवतो ना? पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात 'मी स्कीइंग करतो' असं घरी कळवून मोकळा झाला, आणि मग जुन्या स्की, म्हणजे बर्फावर घसरायला एकेका पायात अडकवायच्या लांब फळ्या, घेतल्या. नेताना दोन्ही एकत्र बांधायला पट्टा हवा, म्हणून दुकानात तासभर मला उभं केलं.

दुकानातली बाई म्हणाली, "हा काळा घ्या, हातमोजे घालूनही पटकन सुटतो."

"सुटायला कशाला हवा?" वसंता म्हणाला. "लाल दाखवा, फोटोत उठून दिसेल."

टेकडीवर ती बांधलेली जोडी खांद्यावर घेऊन त्यानं माझ्याकडून फोटोंचा अख्खा रोल संपवून घेतला. मग कॉफी प्यायलो आणि परत आलो.

महिन्याभरानं नागपूरहून त्याच्या वडिलांचं पत्र आलं. "फोटो सगळ्यांना दाखवले. पट्टा सोडलास की कळव, मग पेढे वाटतो."