करडे फेटे

मंडळी, एक सांगा. कुणाच्या हातून चूक झाली की आपली नजर आधी कुठं जाते? अहो, शेजाऱ्याकडं बघू नका! उत्तर मनात ठेवा आणि ऐका.

कोकणातलं एक गाव. शिमग्याला देवीची पालखी दोन वाड्यांनी मिळून नाचवायची. वरच्या वाडीचे फेटे भगवे, खालच्या वाडीचे हिरवे. नाचता नाचता खांदे बदलतात, सगळे एकमेकांत मिसळतात, कोण कुठं ते ज्याचं त्यालाही कळत नाही. गेल्या शिमग्याला पालखी कलली! देवी पडता पडता राहिली. झालं — वरचे म्हणाले, हिरवा घसरला. खालचे म्हणाले, भगवा घसरला. पंचांनी ठरवलं, ज्याचा घसरला त्या वाडीनं माफीचा नारळ ठेवायचा, तोवर पालखी उठणार नाही. वर्ष गेलं, शिमगा दारात आला, आणि पालखी देवळातच!

वरच्या वाडीत अनंतराव शिवलकर, फोटोवाले. कॅमेरा जुना, फोटो काळेपांढरे. पोरी चिडवायच्या, "काका, तुमच्या फोटोत गुलालाची राखुंडी होते." पण पालखी कलली त्या क्षणाचा फोटो त्यांनीच काढलेला. फिल्म मात्र धुतली नव्हती. का? तर लेक कुंदा खालच्या वाडीत दिलेली. घसरणारा तिकडचा निघाला तर लेकीचं माहेर तुटणार. इकडचा निघाला तर आपलीच वाडी तोंड फिरवणार. इकडे आड, तिकडे विहीर! पण त्या फोटोचं पंचांना आठवलं. "अनंता, उद्या देवळात फोटो आण."

बिचाऱ्यानं फिल्म धुतली. फेटे करडेच येणार, हे ठाऊक होतं. भीती होती ती चेहऱ्याची. कागदावर चित्र उमटलं... सगळी तोंडं गुलालानं माखलेली! मंडळी, जीव भांड्यात पडला त्यांचा.

देवळात सगळे फोटोवर वाकले. ना हिरवा कळे, ना भगवा. पंच वैतागले, "अरे, मग घसरला कोण?"

कुंदा पुढं आली. "घसरला त्याला सोडा हो. त्याच्या कमरेला हात घालून धरलंय, ते कोण? त्यानं सावरलं म्हणून आई पडली नाही."

बघतात तर खरंच की! वर्षभर हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. लगेच दोन्ही वाड्या एकदम, "धरणारा आमचा!"

गुरव हसले. "दोघांचाही म्हणता? मग माफीचा नारळ कशाला? आभाराचा द्या, एकमेकांना."

पालखी उठली, घरोघरी नाचत गेली. कुंदानं बापाच्या अंगणात देवीची ओटी भरली आणि पोटभर रडून घेतलं.

आता तुमच्याकडं वळतो. आल्या आल्या बघितलंय मी. मधल्या या वाटेच्या उजवीकडं एक आळी बसलीय, डावीकडं दुसरी. काय बिनसलंय ते मी विचारत नाही. आरतीचं ताट उजवीकडून निघेल. ते पलीकडं तुमच्या हातानं द्या. मी इथंच उभा आहे.