पेटीवरची कोंबडी

कळलं हो जमादार, कोंबडी आहे हे मलाही कळलं — पण कधी, तर तिनं अंडं घातलं तेव्हा! भर वाळवंटात, माझ्या भावाच्या शवपेटीवर, पांढरंशुभ्र अंडं — सगळा काफिला उंटांसकट थांबला, म्होरक्यानं कपाळाला हात लावला, आणि मी, काय करणार, हसत सुटलो. अजून हसतोय, बघा ना, थांबतच नाही. तुम्ही म्हणता, मेलेल्याच्या पेटीवर कोंबडा बांधतात, तो आरवतो आणि जीव त्याच्यामागं घरी येतो, कोंबडी कुणी बांधत नाही — म्हणून ही पेटी खोटी, आत चोरीचा जेड, तो हिरवा किमती दगड! वा! जेड असता तर मी चांगला तुरेवाला कोंबडा नसता का आणला? चोर असली चूक करेल? तुरफानच्या बाजारात पांढरा कोंबडा मागितला, बाईनं पांढरं काहीतरी हातात दिलं, मी ना तुरा बघितला ना शेपूट — दादा असता तर टपली मारून म्हणाला असता, 'धाकट्या, तुझ्यापेक्षा उंटाला बाजारात पाठवलं असतं तर बरं.' खरेदी नेहमी तोच करायचा. मी नुसती ओझी बांधायचो.

नका उघडू. ती पहार खाली ठेवा ना. आत दादाच आहे, फान हेशंग — ओळखता की तुम्ही त्याला! वसंतात किल्ल्याच्या याच दरवाजातून दाबलेल्या चहाच्या विटा घेऊन गेला, घंटेचा उंट त्याच्याच हातात — तो उंच गडी, ज्यानं बाहेर पडताना भिंतीवर खडा मारला. खडा आपटून पाकोळीसारखा आवाज आला तर माणूस परततो म्हणतात ना — त्याचा असा चिवचिवला की तुम्हीच ओरडलात, 'अरे, हा तर उद्याच परत येतोय!' आठवलं? मग? आलाच की परत. भिंत खोटं नाही बोलली. ताप आला, त्या खारट विहिरीजवळ… जाऊ दे ते.

नाही हो, दुसरं काही नाही. फक्त दादा. दादा आणि — थोडे मनुके. मीच ठेवलेत उशाशी, आईला नेतो म्हणाला होता. हो, त्यांचा कर राहिलाय भरायचा — घ्या, हेही बोलून बसलो! मनुके काढून घ्या, कोंबडी घ्या — नको, कोंबडी नको, ती लागेल. खरं सांगू? मलाही धाकधूक होतीच. सगळी वाट मागं वळून बघत आलो — येतोय का हा हिच्यामागं, की बसलाय तिथंच विहिरीच्या काठावर? आणि मग डोक्यात उजेड पडला, जमादार! कोंबडा आरवल्यावर दादा कधी उठलाय? जन्मात नाही! कूस बदलायचा, कोंबड्याच्या सात पिढ्या उद्धरायचा आणि पुन्हा घोरायला लागायचा. आणि तव्यावर अंडं फोडल्याचा नुसता वास येऊ दे — अनवाणी चुलीपाशी हजर! कोंबड्यानं त्याला तिथंच झोपवून ठेवलं असतं. ह्याला कोंबडीच पाहिजे होती!

हसलात! हसलात ना? मिशीत का होईना, हसलात! मग घेऊ आत? नगारा वाजतोय, दरवाजा लावाल आता, आणि आत आई उभी आहे सकाळपासून, भिंतीला धरून — घेऊ ना? जिओ जमादार! चला रे, ढकला पेटीची गाडी. व्हा, बाजूला व्हा, पुढचं काम माझं. दरवाजा आला की मेलेल्याला सांगावं लागतं, नाहीतर तो बाहेरच राहतो बिचारा.

दादा, दरवाजा आला बघ. आपलाच. कमानीखाली जरा अंधार आहे, कोंबडीकडं लक्ष ठेव. आता उंबरा आहे, दादा… पाय…

जमादार, पुढचं तुम्ही सांगा त्याला. पाय उचल म्हणावं. मला नाही —