सगुणाक्काच्या दह्यातलं तिसरं

मंडळी, ऐका! चांगल्यात चांगलं मिसळलं, पण खाणाऱ्याला सांगितलं नाही — तर ते पुण्य, की भेसळ? अहो, घाईनं माना डोलवू नका!

खैरमाळात सगुणाक्का दही विकायची. गिऱ्हाईक विचारायचं, "अक्का, दह्यात काय?" अक्का ठसक्यात म्हणायची, "दूध आणि विरजण! तिसरं असेल तर जीभ झडो माझी!" तीस वर्षं हेच! म्हणून देवळातल्या नैवेद्याचं दहीसुद्धा तिच्याच घरचं.

तिचा जावई मधमाश्या पाळायचा. एकदा त्यानं परागाची डबी आणली. पराग म्हणजे माशीनं पायाला चिकटवून आणलेली फुलांची धूळ — बारीक पिवळे दाणे!

"मामी, ह्यात अँटिऑक्सिडंट असतात म्हणे! लोखंड गंजतं ना, तसं शरीर झिजतं, ते ह्यानं आवरतं."

अक्का हरखली! दाणे कुटले, उत्सवाच्या दह्यात घोटले. अहाहा, काय रंग! म्हणाली, आधी गाव खाऊ दे, मग सांगते गंमत!

उत्सवाच्या दिवशी भिवा गुरवानं रिवाजाप्रमाणं विचारलं, "अक्का, दह्यात काय?" आणि सवयीच्या जिभेनं घात केला — "दूध आणि विरजण!"

आरती झाली. वाट्या फिरल्या. भिवाची सून चंपा वाटी तोंडाशी नेते, तोच अक्काला आठवलं! गेल्या साली शेवंतीचे हार ओवताना हिचा घसा सुजला होता, तालुक्याला पळवावं लागलं होतं! फुलांची धूळ हिला सोसत नाही!

बोलावं, तर तीस वर्षांची अब्रू भर देवळात जाते! गप्प बसावं, तर पोर जाते! सांगा, तुम्ही काय केलं असतं? ... आता का माना खाली?

अक्का किंचाळली — "चंपे, टाक ती वाटी! तिसरं आहे त्यात! पराग घातलाय मी!"

भिवा पुढं येऊन म्हणाला, "अक्का, देवापुढं खोटं?"

"हो रे, बोलले खोटं! घातलं चांगलंच, पण खाणाऱ्याला विचारलं नाही." आणि अक्का ढसाढसा रडली. चंपानं तिला पोटाशी धरलं. पण पुढल्या उत्सवाला नैवेद्याचं दही दुसऱ्या घरून आलं, हेही खरंच.

आता तुमच्याकडं वळतो! लेकीच्या भल्यासाठी तिला न विचारता स्थळ ठरवलंत, सुनेच्या भल्यासाठी तिची नोकरी सोडवलीत. चांगलंच असेल हो! पण ताट कुणाचं? मग घरी जा, आणि पाटावर बसायच्या आधी एकदा तिला विचारा!