पिन्येच्या पाच नोटा

— नाही रे, घड्याळ दाखवायला नाही आलो, घड्याळ चालतंय, मीच बंद पडायला आलोय — दुकान इतक्यात बंद करू नकोस गेत्सल, सूर्य बुडून शब्बात, विसाव्याचा दिवस, लागायला तास आहे अजून. उद्या हा व्यवहार चालत नाही, परवा सकाळी माझ्या छातीचं ऑपरेशन, आणि हे सांगितल्याशिवाय मी त्या टेबलावर पडायचा नाही. तुझी सुटका झालेली नाही. हो, तुझीच! थोरला मुलगा महिन्याचा झाला की बाप त्याला आम्हा पुरोहितांकडून, कोहेनकडून, चांदीची पाच नाणी देऊन सोडवतो — आता हे काय मी तुला सांगायचं, भाच्याच्या वेळी केकवर तूच ताव मारलास ना? पण तुझ्या वेळी तुझ्या बापानं, पिन्येनं, मला दिल्या पाच नोटा. कागद!

अठ्ठेचाळीस साली यरुशलेमला वेढा पडलेला. पाणी डब्यानं मिळायचं, पिन्येच्या घरातली चांदी केव्हाच पिठापायी गेलेली. मी म्हटलं, चालेल पिन्ये, मुलगा तुझा. चालतं? कुठलं चालायला! चांदी म्हणजे चांदी — नोट म्हणजे नुसता सरकारचा शब्द, आणि शब्द देणारे इंग्रज तर त्याच आठवड्यात बोटीत बसले. धर्मशास्त्र मला तोंडपाठ होतं रे! पण माझी पोर रिव्का तापानं फणफणलेली, नोटांवर दुधाची पावडर मिळत होती... आठव्या दिवशी तोफगोळा पडला, पिन्ये गेला. आता स्वतःला सोडवायचं तुझ्यावरच आलं.

म्हणून ही घे. चांदीची पाच. तुला दिली, मनापासून दिली, तुझी झाली — आता तीच मला दे, आशीर्वाद म्हण, झालं, मी सुटलो — म्हणजे तू सुटलास. कुठून आणली? ...तीच आहेत. तेव्हाही होती. पलंगाखाली, मोज्यात. बघतोस काय असा? रीतच आहे आमच्यात, कोहेन आपली नाणी बापाला विकतो, बाप तीच परत त्याच्या हातावर ठेवतो. पिन्येच्या नोटा घेऊन ही त्याला विकली असती की काम झालं होतं, पाच मिनिटांचं! पण मनात आलं — एकदा विकली की त्याची झाली, मग उठून चालता झाला तर? पिन्ये! स्वतःच्या वाट्याचं अर्धं पाणी माझ्या रिव्काला देणारा माणूस. पाच मिनिटं भरवसा नाही ठेवला मी त्याच्यावर.

शिव्या दे, पण ती इथे हातावर ठेव. — खिशात का घालतोयस? कोणाकडे चाललास? काट्झकडे? त्या भाजीवाल्या काट्झकडे? तोही कोहेनच, आहे, पण — माझ्या हातून होऊ दे रे, सव्वीस वर्षं मला नीट झोप नाही, हात जोडतो तुझ्यापुढे, गेत्सल —

...नाही. बरोबर आहे तुझं. तुझी आहेत ती. मीच दिली. पळ, काट्झ फळ्या लावायला लागला बघ. — आणि दुकान? उघडं? एवढी घड्याळं... माझ्या भरवशावर?

जा. जा म्हणतो ना, उजेड चाललाय.