श्री. व सौ.

तुम्ही आता मोबाइलवर पत्रिका धाडता, पण माझ्या लग्नात दादानं घरच्या कॉम्प्युटरवर मेल मर्ज केलंतं. नावं एकदा भरली की पत्त्यांची लेबलं आपोआप छापून येतात म्हणाला. दुपारभर प्रिंटर कुरकुरत होता आणि आई पेंगत पेंगत लेबलं चिकटवत होती.

पत्रिका पोस्टात पडल्या आणि उरलेली लेबलं बघताना आई एकदम जागी झाली. दादानं सगळ्यांच्याच नावाआधी ‘श्री. व सौ.’ टाकलंतं. राधानगरीच्या मामांच्याही. मामी जाऊन वर्षही झालं नव्हतं.

“आता माझा भाऊ लग्नाला येत न्हाय,” आई म्हणाली.

मामा आले. अक्षता डोळ्यांसमोरून धुक्यासारख्या पडत होत्या, त्यातनं मला ते पुढच्या रांगेत दिसले. शेजारच्या खुर्चीवर मामीचं हिरवं इरकल लुगडं घडी घालून ठेवलंतं.

अक्षता संपल्यावर दादा एका पावण्याला घेऊन तिथं गेला. “मामा, ही खुर्ची रिकामी हाय का?”

“न्हाय रे,” मामा इरकलावरच्या अक्षता हलकेच सारख्या करत म्हणाले. “मामी बसलीया. पत्रिका दोघांना धाडलीस की.”