सलीमच्या तोंडातली नळी

पाण्याखाली माणूस कसा घाबरतो, ते मला इचारा. उंब्रजच्या आक्कांची पाणी उपसायची मोटार इहिरीत पडली हुती. ती काढायला मी आन माझा जोडीदार सलीम सिलिंडर बांधून उतरलो. दोघांकडंबी दोन-दोन नळ्या, एक तोंडात आन दुसरी पिवळी, अडचणीसाठी छातीला अडकवलेली.

तळाला गेलो आन माझ्या नळीच्या रबरी तोंडाची पट्टी तुटली. रबर ऱ्हायलं दातात, नळी गेली खाली. श्वास घेतला तर नुसतं पाणी. माझी पिवळी निसटून पाठीमागं गेलेली, गढूळ पाण्यात हाताला लागंना. सलीमनं त्याची पिवळी माझ्याम्होरं धरली. पण मला दिसत हुती त्याच्या तोंडातली, बुडबुडं सोडणारी. तीच हिसकली आन तोंडात घातली. काय हवा आली म्हणून सांगू गड्या, अंगात जीवच परत आला.

सलीम शांत. त्यानं पिवळी सवताच्या तोंडात घातली, माझा दंड धरला आन मला हळूहळू वर आणलं.

काठावर मला हसू आवरंना. "तू पिवळी देत हुतास की रं, मी तोंडातली का घेतली?"

"ती चालू हाय, हे तुला दिसत हुतं," सलीम म्हणाला. "मीबी तीच घेतली असती."

आमी एकमेकाच्या गळ्यात पडलो. तवर आक्का जवळ आल्या. "पोरांनो, मोटारीला दोर बांधला न्हवं?"

दोर अजून माझ्या कमरंलाच गुंडाळलेला हुता.

"आवं आक्का," सलीम म्हणाला, "मोटार काय पळून जात न्हाई. आदी चुलीवर च्या ठेवा."