जीनला टोपी घातली कुणी?

…पण मी म्हणते, त्या डॉक्टरीणबाईंना दुसरा शब्द सापडू नये? टोपीच सापडावी? तुम्हाला सांगते, आम्ही तिघं त्यांच्यासमोर. सासूबाई, त्यांचा मुलगा म्हणजे माझा नवरा, आणि मी. खुर्च्या दोनच, म्हणून मी तपासायच्या खाटेवर, पाय लोंबकळत. लग्नाला वर्षसुद्धा नाही झालेलं, कुठे तोंड उघडू? मी आपली गप्प!

सासरे लिव्हरच्या कॅन्सरने गेले, मी ते फोटोतच पाहिलेत. ह्यांच्याही लिव्हरवर चरबी निघाली, म्हणून ही नवीन रक्ततपासणी. डॉक्टरीणबाई अगदी गोड आवाजात, "हे बघा, काही जीन पहारेकऱ्यासारखे असतात. पेशी माजायला लागल्या की दटावतात. कधीकधी त्यांच्यावर मेथिल नावाची बारीकशी टोपी बसते. ती डोळ्यांवर आली की पहारेकरी झोपला! ह्यालाच म्हणतात मेथिलेशन. तर ह्यांच्या एका जीनला अशी थोडी टोपी घातलेली दिसतेय—"

झालं! सासूबाई ताडकन उभ्या. "टोपी घातली? आम्हाला? कुणी?" आणि बघितलं कुणाकडे? माझ्याकडे! आता ह्यांच्या रक्तात माझ्या माहेरचं कोण जाऊन बसणार, तुम्हीच सांगा! पण मी आपली गप्प.

"अहो काकू, तसली टोपी नाही."

"मग कसली?"

"रासायनिक."

"म्हणजे शिकलेल्या माणसाचं काम!"

आणि ज्याचं लिव्हर, तो? तो भिंतीवरच्या लिव्हरच्या चित्राकडे बघतोय, जणू शेजाऱ्याचं घर विकायला निघालंय! म्हणतो, "आई, बस ना खाली. काही नाही होत."

"तू नको सांगूस! तुझे बाबाही हेच म्हणायचे, काही नाही गं, जरा पोट जड झालंय…" आणि वाक्य अर्धंच टाकलं हो. बसल्या. पर्सची चेन उघडायची, लावायची, उघडायची, लावायची… तेव्हा कळलं मला, बाई टोपीवर चिडल्याच नव्हत्या. घाबरल्या होत्या. माझ्याइतक्याच! फक्त त्यांची भीती ओरडते, आणि माझी… माझीही आपली गप्प.

मग काय झालं कुणास ठाऊक, एकदम आवाज आला, "पण मॅडम, ह्यांना होणार की नाही?" सगळे दचकले. खाटच बोलली असं वाटलं असणार!

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "होईलच असं नाही. होणारच नाही असंही नाही. धोका थोडा जास्त आहे, एवढंच."

थोडा! थोडा म्हणजे कसा हो? चहात साखर थोडी, तसा? की भूकंपाचा हादरा थोडा, तसा?

सासूबाईंनी माझा हात धरला. पहिल्यांदाच. अगदी घट्ट. "विचार गं, अजून विचार! मला काही सुचत नाही."

"मग आता आम्ही काय करायचं?" मी विचारलं.

"दारू बंद, वजन कमी, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. लवकर दिसलं तर उपाय असतात." मग माझ्याकडे बघून हसल्या, "आणि तुम्ही काळजी अजिबात करायची नाही!"

घ्या! ह्यांचं पथ्य मी सांभाळीन हो, बाटली लपवीन, रोज चालायला ओढून नेईन, वजनकाट्यावर उभं करीन… पण मला हे काय सांगितलं? काळजी करायची नाही? अजिबात? अहो, एवढं कडक पथ्य तर त्यांनी पेशंटलासुद्धा दिलं नाही!